छाट

कॉलेजनं यंदा टॅब दिले.
सोळा जणांत आठ, सही घेऊन,
काच फुटली तर ज्याचं त्यानं बघायचं.
तडवळकर मॅडम म्हणाल्या,
आता डायरीत मागाहून आठवून लिहिणं बंद,
घरात बसल्या बसल्या भरायचं,
संध्याकाळी मला आलेख दिसला पाहिजे.

मी आणि रमीझ, दोघांत एक टॅब,
विडी घरकुलच्या तिसऱ्या गल्लीत.
एप्रिल. पत्रा तडतडतोय.
नकाशातला निळा ठिपका आम्हाला
एका मोकळ्या प्लॉटात उभं करतोय
आणि आम्ही तर नरसव्वा येमुल यांच्या दारात,
त्या म्हणतायत, कूर्चो, कूर्चो,
पोतं सरकवून जागा करतायत.

पहिला प्रश्न. कुटुंबप्रमुखाचं नाव.
त्यांनी दाराकडं पाहिलं.
रकान्याला लाल चांदणी, सोडता येत नाही.
नवरा यंत्रमागावर होता, मग भिवंडीला गेला,
मग नुसताच गेला.
यादीत आहे विवाहित, विधवा, घटस्फोटित.
नुसताच गेला, नाही.
मी वर सरकवलं, खाली सरकवलं,
घामेजलेलं बोट काचेला कळेना.

"माझंबी बोट घेत नाही मशीन,"
त्यांनी अंगठा उजेडात धरला.
चाळीस वर्षं पान वळून
रेषा गेल्यात.
रेशनवाला दर महिन्याला ओलं फडकं देतो,
पूस म्हणतो.
"काय पुसू? पुसून झालंय की."

दुसरा हात थांबला नव्हताच.
सुपात कात्री, तंबाखू, दोरा
आणि पत्र्याचा एक चौकोनी तुकडा.
तो पानावर ठेवायचा, कडेकडेनं कापायचं.
पान केवढंही असो, माप तेवढंच.
मी टॅबकडं पाहिलं.
रमीझनं माझ्याकडं.
बोललो नाही. बोललो असतो तर ते
मॅडमच्या तासाचं उत्तर झालं असतं.

"आणि हे उरलेलं?" मी कात्रण दाखवलं.
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
"चूल पेटती त्याच्यावर."
तिथून त्या आपोआप सुरू झाल्या.
हजार विड्या वळून नेल्या की कारखान्यात
चेकर मूठभर बाजूला काढतो, छाट म्हणून.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट परतही मिळत नाही.
"मग ती ओढतं कोण?" रमीझनं विचारलं.
त्या इतक्या हसल्या की सूप हललं.
"हे लिही. हे लिही तुझ्या त्याच्यात."

मग विचारून आवाज घेतला, तेलुगूत,
कारण मराठीत त्या नुसती उत्तरं देत होत्या.
रमीझ तेलुगू गल्लीत खेळून शिकलेला,
चुकला की त्या दुरुस्त करायच्या.
परत ऐकवलं तेव्हा कात्री पहिल्यांदा खाली ठेवली.
"ही मी?"
"तुम्हीच."
"आमच्या आईसारखी बोलती की."
पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लाव.
भिवंडी आली तसा हात वर केला:
एवढं काढ. बाकी राहू दे.
आणि हे जातं कुठं रे सगळं?
वर, तो म्हणाला. क्लाउडवर. म्हणजे ढगात.
त्यांनी पत्र्याच्या भोकातून वर पाहिलं.
"सोलापुरात? एप्रिलमदी?"

तेवढं वाक्य काढलं.
त्यांच्यासमोर, त्यांच्याच अंगठ्यानं.
काचेनं तो पहिल्या झटक्यात घेतला.
तिला रेषा लागत नाहीत, बोट लागतं.

संध्याकाळी आलेख उमटला, निळ्या काड्या,
शेवटची तांबडी. अपूर्ण, एक.
हे घर का राहिलं, मॅडमनी विचारलं.
छाट आहे, मी म्हणाले,
आणि त्यांना कळलं नाही,
आणि मलाही मराठीत नीट सांगता आलं नाही.
रमीझनं रेकॉर्डिंग लावलं.
मॅडम पूर्ण ऐकत बसल्या, तेलुगू येत नसताना,
पंखा बंद करून.

रात्री खोलीवर हाताला तंबाखूचा वास.
टॅबवर दिवा तिरपा धरला तर
कोपऱ्यात एक ठसा,
गुळगुळीत, रेषा नसलेला.
उद्या टॅब दुसऱ्या जोडीला द्यायचाय.
पुसून द्यायचा, असा नियम आहे.